काळा म्हणजे कोणता काळा? गाडीच्या रंगाला रंग जुळवताना

आज बोलायचं आहे गाडीच्या रंगाबद्दल. टाकीवर ओरखडा गेला, साइड पॅनेलचा टवका उडाला, तर त्याच रंगाचा रंग कसा मिळवायचा आणि कसा लावायचा, एवढाच विषय. हे काम गॅरेजवाल्याचं, आपल्याला त्यात काय करायचंय, असं कोणी म्हणेल. पण गटातून कर्ज काढून घेतलेल्या गाडीचा हप्ता आपण भरतो. दुधाचे कॅन, पापड-मसाल्याचा माल, दवाखान्यात न्यायचं लेकरू, सगळं त्याच गाडीवर जातं. चार वर्षांनी ती विकायला काढली की घेणारा आधी रंगाकडे बघतो आणि तिथूनच भाव पाडायला लागतो.

गटांच्या बैठकांतून आमच्या कानावर एक तक्रार वारंवार येते. टाकीवर बोटभर ओरखडा असतो. गॅरेजवाला म्हणतो, "काळीच आहे ना, मारून देतो." गाडी परत येते तेव्हा काळ्या टाकीवर दुसऱ्याच काळ्याचा डाग बसलेला असतो. सावलीत कळत नाही, उन्हात आली की लांबून ओळखू येतो. नाहीतर याच्या उलट होतं. बोटभर ओरखड्यासाठी अख्खी टाकी रंगवायचा खर्च सांगतात. दोन्हीकडे खिसा आपलाच रिकामा होतो.

तर आधी गाडीवर रंग म्हणून नेमकं काय असतं ते बघू. भिंतीला जसा गिलावा, मग पुट्टी, मग प्रायमर आणि मग रंग असतो, तसेच गाडीच्या पत्र्यावरही थर असतात. पत्र्याला गंज धरू नये म्हणून पहिली प्रक्रिया होते, त्यावर प्रायमर, त्यावर रंगाचा थर आणि बहुतेक गाड्यांना सगळ्यात वर काचेसारखा पारदर्शक थर. याला गॅरेजमध्ये लॅकर किंवा क्लिअर म्हणतात. गाडीची चमक असते ती या लॅकरची. खालचा रंग एकटा पाहिला तर तो मंदच दिसतो. हे सगळे थर मिळून जाडी किती, तर केसाच्या जाडीच्या थोडं पुढेमागे. तेवढ्यावर ऊन, पाऊस, उसाची पात, बांगडी आणि दुधाच्या कॅनची कडी, सगळ्यांचा मारा चाललेला असतो.

म्हणून ओरखडा दिसला की रंग शोधायला धावू नका. ओल्या बोटाने ओरखडा भिजवा. ओला असताना तो दिसेनासा झाला आणि नख फिरवल्यावर अडकलं नाही, तर ओरखडा वरच्या लॅकरमध्येच आहे. त्याला रंग लागत नाही. रबिंग कंपाउंड नावाची पेस्ट मिळते, ती मऊ सुती कपड्यावर घेऊन हलक्या हाताने घासली की बरेचसे असे ओरखडे जातात. जोर लावून एकाच जागी घासत बसलं तर मात्र लॅकरच निघून जातं, तेव्हा बेताने. नख अडकतंय आणि आत राखाडी दिसतंय, तर तो प्रायमर आहे, म्हणजे रंग गेला. आणि आत चकचकीत पत्रा दिसत असेल तर ते काम पावसाळ्याआधी करायचं. उघड्या पत्र्याला पावसात गंज धरायला दिवस लागत नाहीत, आणि गंज एका जागी बसत नाही, रंगाच्या खालून सरकतो. वर फुगा दिसेपर्यंत खाली बरंच खाल्लेलं असतं.

प्लॅस्टिकच्या पॅनेलला गंजाची भीती नाही. तिथला टवका नुसता दिसायला वाईट, त्यामुळे सवडीने केला तरी चालतो. पत्रा की प्लॅस्टिक, हे लोहचुंबक लावून पाच सेकंदात कळतं.

आता मुख्य गोष्ट, रंग कोणता. कंपनी रंगाला नाव देते आणि बहुतेक वेळा एक कोडही देते. नावावर भरवसा ठेवू नये. एकच "लाल" किंवा "ब्लॅक" नाव दोन मॉडेलवर दोन वेगळ्या छटांचं असू शकतं, आणि एकाच मॉडेलचा लाल काही वर्षांनी बदललेलाही असतो. कोड मात्र एका ठरलेल्या मिश्रणाशी बांधलेला असतो. तो सापडतो कुठे? बऱ्याच गाड्यांना सीटखाली, फ्रेमवर किंवा टूलच्या जागेजवळ एक छोटं लेबल असतं. होंडाच्या गाड्यांवर त्यावर इंग्रजी अक्षरं आणि आकडे दिसतात. 'एनएच'ने सुरू होणारा कोड असेल तर रंग काळा, पांढरा, राखाडी, चंदेरी या घरातला. 'आर'ने सुरू झाला तर लाल घरातला. शेवटी 'एम' असेल तर मेटॅलिक, 'पी' असेल तर पर्ल, 'सी' असेल तर कँडी. दुसऱ्या कंपन्यांची पद्धत वेगळी आहे आणि काही गाड्यांवर लेबलच नसतं. लेबल गेलं असेल, मातीने पुसलं असेल, तर चासी नंबर घेऊन कंपनीच्या स्पेअर पार्टच्या काउंटरवर जा. पार्टच्या यादीत टाकीचा आणि पॅनेलचा नंबर रंगासकट लिहिलेला असतो, त्यावरून रंग पक्का होतो. आरसीवरही रंग आणि गाडी बनल्याचा महिना-वर्ष असतं. त्यातलं वर्ष फार कामाचं. दुकानदाराला मॉडेल आणि वर्ष दोन्ही सांगितलं नाही तर तो अंदाजाने डबी देणार.

कोड मिळाला म्हणजे काम झालं असं मात्र नाही. इथेच बहुतेकींची फसगत होते. कोड सांगतो तो गाडी कारखान्यातून निघाली त्या दिवसाचा रंग. त्यानंतर ती गाडी तुमच्या अंगणात, बाजारात, शाळेच्या फाटकापाशी उन्हात उभी राहिली. लाल रंग उन्हाने लवकर विटतो, हे दाराचा लाल पडदा लावलेल्या प्रत्येकीला माहीत आहे. पांढऱ्यावर पिवळसर झाक येते. काळा राखाडीकडे झुकतो, पण त्यात रंग विटण्यापेक्षा लॅकर खडबडीत होण्याचा भाग जास्त असतो. म्हणून आधी टवक्याच्या शेजारची वीतभर जागा धुऊन, कंपाउंडने पॉलिश करून घ्या. धुळीचा आणि जळलेल्या लॅकरचा पापुद्रा निघाला की जो रंग दिसतो, त्याच्याशी जुळवायचं. सीट उचलून खालची टाकीची कड पाहा. तिथे ऊन पोचत नाही, तो मूळ रंग. त्याच्या आणि वरच्या रंगात किती अंतर पडलंय ते डोळ्यांना दिसतं. अंतर नगण्य असेल तर कोडचा रंग तसाच चालेल. डोळ्यात भरण्याइतकं असेल तर दुकानदाराला कोडच्या रंगात थेंबाथेंबाने बदल करावा लागेल.

रंग जुळवणं आपल्याला नवं नाही. साडीवर ब्लाऊज पीस घ्यायला मॅचिंग सेंटरमध्ये गेल्यावर आपण काय करतो? दुकानातल्या ट्यूबलाइटखाली जुळलेला कपडा हातात घेऊन दारात येतो आणि उजेडात बघतो. आतमध्ये एक वाटलेले दोन रंग बाहेर वेगळे निघतात. याचं कारण असं, की दोन रंग वेगवेगळ्या रंगद्रव्यांपासून बनलेले असले तरी एका प्रकारच्या उजेडात सारखे दिसू शकतात, उजेड बदलला की त्यांचं वेगळेपण उघडं पडतं. गाडीच्या रंगाचंही हेच. गॅरेजच्या एलईडीखाली जुळलेला रंग खरा मानायचा नाही. सकाळी नऊ-दहाच्या सुमारास, उघड्यावर पण सावलीत, असं बघायचं. भर दुपारी टाकीच इतकी चकाकते की डोळे दिपतात, आणि संध्याकाळच्या उन्हात सगळ्यालाच पिवळी झाक असते. आणखी एक, अंगावर भडक लाल किंवा पोपटी साडी असेल तर तिची छाया चकचकीत टाकीत पडते. रंग बघताना दोन पावलं बाजूला उभं राहायचं.

साध्या रंगाला एवढं पुरतं. मेटॅलिक आणि पर्ल रंगांना पुरत नाही. मेटॅलिक रंगात ॲल्युमिनियमचे बारीक कण असतात. पर्लमध्ये अभ्रकाचे कण असतात, त्यांच्यावर वेगळा लेप असतो. हे कण आरशासारखे उजेड परतवतात, म्हणून समोरून एक छटा दिसते आणि तिरकं पाहिलं की दुसरी. धूपछाव साडी आठवा. ताणा एका रंगाचा, बाणा दुसऱ्या, पदर हलला की रंग हलतो. तसल्या साडीला साध्या कापडाचा पीस कधी जुळेल का? समोरून जुळला तरी बाजूने नाही जुळणार. म्हणून मेटॅलिक टाकीचा नमुना समोरून, डावीकडून, उजवीकडून आणि वाकून बघायचा. त्यात पुन्हा कण जाडे की बारीक यानेही फरक पडतो. हे ज्या कारागिराला कळतं, त्याच्याकडेच मेटॅलिकचं काम द्यावं.

कँडी रंग तर याहून कठीण. खाली चंदेरी थर, त्यावर रंगीत पण पारदर्शक थर आणि त्यावर लॅकर. मधला थर एक हात जास्त बसला तर रंग गडद होतो. यात डबी-ब्रशने हात घालू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

आता दुकानात. तालुक्याच्या ठिकाणी गाडीच्या रंगांचं मोठं दुकान असेल तर तिथे संगणकावर कोड टाकतात आणि तो सांगेल तितके ग्रॅम वेगवेगळे रंग नाजूक काट्यावर मोजून मिसळतात. काही ठिकाणी रंग वाचणारं हातातलं यंत्रही असतं. ते टाकीवर टेकवलं की रंगाच्या जवळचं सूत्र देतं. यंत्र असो नसो, गाडीचा तुकडा सोबत न्या. टाकी काढून नेता येत नाही, पण साइड पॅनेल बऱ्याच गाड्यांचं चावीने किंवा एका स्क्रूने सुटतं. फक्त पॅनेल प्लॅस्टिकचं आणि टाकी पत्र्याची, दोन्हींना कारखान्यात वेगवेगळ्या तापमानाला भाजतात, त्यामुळे नव्या गाडीतही दोघांत बारीक फरक असू शकतो. ओरखडा टाकीवर असेल तर जमल्यास गाडीच दुकानासमोर उभी करा.

रंग मिसळून झाला की डबीत बघून मान डोलावू नका. ओला रंग आणि वाळलेला रंग एक नसतो. साधे रंग वाळल्यावर सहसा जरा गडद होतात. दुकानदाराला सांगा, "दादा, एका कार्डावर मारून दाखवा." कार्डावर रंग, त्यावर लॅकर, तो वाळू द्यायचा आणि मग कार्ड टाकीला चिकटवून सावलीत बघायचं. हे मागायला संकोच वाटतो खरा. गटातल्या एका ताईने मागितलं तेव्हा दुकानदार हसला, पण कार्ड मारून दिलं, आणि पहिल्या मिश्रणात निळी झाक जास्त आहे हे त्यालाच दिसलं. काळ्यातही निळसर काळा, तपकिरी काळा असतो. पैसे आपण देतो, तर कार्ड मागायचा हक्कही आपला.

टाकीवर तांदळाच्या दाण्याएवढा टवका असेल तर तो घरी भरता येतो. गाडी साबणाच्या पाण्याने धुऊन पूर्ण कोरडी करा. मेण किंवा पॉलिश लावलेलं असेल तर ते काढणारा द्रव रंगाच्या दुकानात मिळतो. थिनर ओतून पुसू नका, शेजारचा चांगला रंगही उठेल. गंज असेल तर पॉलिश पेपरचा छोटा तुकडा दुमडून, फक्त गंजापुरतं घासायचं, चकचकीत पत्रा लागेपर्यंत. उघड्या पत्र्यावर आधी प्रायमरचा ठिपका द्यायचा. तो वाळला की रंग. डबीच्या झाकणाला जो ब्रश असतो तो या कामाला फार जाड. काडेपेटीच्या काडीचं मागचं टोक किंवा दात कोरायची काडी रंगात बुडवून खड्ड्यात थेंब सोडायचा. ओढायचं नाही, सोडायचा. एका दमात खड्डा भरायला गेलं तर वरून साय धरते आणि आत ओलं राहतं. पातळ थेंब, वाळू द्या, पुन्हा थेंब. कुंकवाचा करंडा हाताळणाऱ्या हाताला हे शिकवावं लागत नाही. शेवटी लॅकरचा थेंब. आठवडाभर गाडी धुऊ नका, मग दोन हजार नंबरचा पॉलिश पेपर पाण्यात भिजवून वर आलेला उंचवटा अलगद घासा आणि कंपाउंडने पुसा.

दिवस कोरडा निवडा. पावसाळी दमट हवेत लॅकरवर पांढरट धुकं धरतं. उन्हात तापलेल्या टाकीवर रंग घातला तर बुडबुडे येतात.

मेटॅलिकमध्ये असा ठिपका कायम थोडा ओळखू येतो. फवाऱ्याने मारलेल्या रंगात कण आडवे बसतात, काडीने सोडलेल्या थेंबात ते कसेही बसतात. बोटभर लांबीच्या ओरखड्याला म्हणूनच फवारा लागतो. चांगला कारागीर रंग तेवढ्याच चौकोनात मारून थांबत नाही, तो कडेकडेला विरळ करत नेतो आणि लॅकर मात्र टाकीच्या त्या अख्ख्या बाजूवर मारतो. त्यामुळे रंगाची रेघ कुठे संपली ते डोळ्याला सापडत नाही. त्याने एवढं मोठं लॅकर लावलं म्हणून जास्त पैसे मागितले तर ते वाजवी आहेत. चौकोनी ठिगळ मारून तेवढेच मागितले तर नाहीत.

टाकीबद्दल एक गोष्ट विसरू नका. पेट्रोल भरताना झाकणाशी थेंब सांडतोच. स्प्रेच्या साध्या डब्यातला किंवा थिनरने वाळणारा एकेरी रंग पेट्रोलने विरघळतो, फुगतो, नखाने निघतो. टाकीला दोन भागांचा, म्हणजे हार्डनर मिसळून लावायचा रंग आणि लॅकर लागतं. गॅरेजमध्ये याला टू-के किंवा पीयू म्हणतात. काम देताना हे शब्द वापरून विचारा, "लॅकर पीयूचं मारणार ना?" पण हे हार्डनर छातीला वाईट. त्यात आयसोसायनेट नावाचं रसायन असतं, त्याचा फवारा श्वासात गेला तर दमा लागू शकतो, आणि नाकाला बांधलेला रुमाल किंवा ओढणी त्याला अडवत नाही. म्हणून ते घरी फवारायचं नाही. लेकरं आणि पोटुशी बाई जवळ असताना थिनरची बाटलीही उघडायची नाही. चूल, उदबत्ती, विडी, सगळं लांब, कारण थिनर आणि पेट्रोल दोन्हींची वाफ पेटते. टाकी गळत असेल तर पुट्टी भरून रंग मारणाऱ्याला हात लावू देऊ नका. ते काम टाकी रिकामी करून, धुऊन, जाणकाराने करायचं.

मॅट रंगाच्या गाड्या अलीकडे खूप दिसतात, त्यांच्याबद्दल थोडक्यात. मॅटवर कंपाउंड आणि पॉलिश चालत नाही, घासलं ती जागा चमकायला लागते आणि ती चमक परत जात नाही. तिथला ठिपकाही लपत नाही. मोठा ओरखडा असेल तर ते पॅनेल नवं घेणंच अनेकदा परवडतं. आधी स्पेअर पार्टच्या काउंटरवर किंमत विचारा, मग गॅरेजची विचारा.

हे सगळं ज्ञान जुनी गाडी घेतानाही उपयोगी पडतं. गटातून कर्ज मंजूर करण्याआधी गाडी सकाळच्या उजेडात, धुतलेली आणि कोरडी बघा. पॅनेल-टाकीत जो बारीक फरक सांगितला तो सोडून, एक बाजू दुसरीपेक्षा ताजी दिसते का? रबराच्या कडेवर, स्क्रूच्या डोक्यावर रंगाचा फवारा बसलाय का? टाकीच्या वळणावर चुंबक एका जागी धरतं आणि दुसऱ्या जागी धरत नाही का? धरत नसेल तर खाली पुट्टीचा जाड थर आहे, म्हणजे तिथे पोचा होता. पोचा असणं हा गुन्हा नाही, पण मग हँडल आणि फ्रेम मेकॅनिककडून तपासून घ्या आणि भाव त्या हिशोबाने करा. आरसीवरचा रंग आणि समोरचा रंग वेगळा असेल तर व्यवहार तिथेच थांबवून कारण विचारा. अख्ख्या गाडीचा रंग बदलला असेल तर आरटीओकडे अर्ज करून त्याची आरसीवर नोंद करून घ्यावी लागते. त्याच रंगाचा टवका भरण्याला असली काही नोंद लागत नाही.

उरलेल्या रंगाचं काय करायचं, हे बऱ्याचजणी विचारतात. हार्डनर मिसळलेला रंग काही तासांत घट्ट होतो, तो ठेवून उपयोग नाही. न मिसळलेला रंग छोट्या काचेच्या बाटलीत, काठोकाठ भरून, झाकण घट्ट लावून ठेवा. बाटलीवर चिकटपट्टी लावून गाडीचा नंबर, रंगाचा कोड आणि तारीख लिहा, आणि ते कार्डही सोबत बांधून ठेवा. पुढच्या वेळी वापरण्याआधी बाटली चांगली हलवा, कारण मेटॅलिकचे कण तळाशी बसलेले असतात.